कंसात काय लिहायचं

सेंटओएस ७ असलेल्या मशीनवर जीसीसी या कंपायलरला ‘--व्हर्जन’ देऊन विचारलं, की पहिली ओळ अशी येते:

जीसीसी (जीसीसी) ४.८.५ २०१५०६२३ (रेड हॅट ४.८.५-४४)

सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. मशीन्स मात्र संपलेली नाहीत. कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये ती गुपचूप चालू असतात, आणि ती चालू आहेत तोवर ही ओळ माझ्या मेलबॉक्समध्ये येत राहणार. पुण्यात एका कंपनीत कंपायलरचे बिल्ड काढणं, ते तपासून गिऱ्हाइकांकडे रवाना करणं हे माझं काम. कंपायलरने चुकीचा कोड काढला अशा तक्रारी वर्षाकाठी मोजक्याच येतात. या एका ओळीवरून येणाऱ्या तक्रारींना सीझन नसतो.

ओळ जरा उलगडून बघू. पहिलं जीसीसी म्हणजे ज्या नावाने तुम्ही हाक मारलीत ते नाव. ‘सीसी’ या नावाने बोलावलं तर तिथे सीसी दिसतं. कंसातलं दुसरं जीसीसी मोठ्या अक्षरांत असतं आणि ते पॅकेजचं नाव. ४.८.५ हा खरा नंबर. २०१५०६२३ ही तारीख: २३ जून २०१५, त्या दिवशी ४.८.५ बाहेर पडला. शेवटच्या कंसात रेड हॅटने आपलं नाव आणि त्याच ४.८.५ वरून काढलेल्या आपल्या पॅकेजचा क्रमांक घातलाय.

जीएनयू प्रकल्पाच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्ये या ओळीसाठी चक्क नियम आहे. आधी प्रोग्रॅमचं नाव; तो मोठ्या पॅकेजचा भाग असेल तर त्या पॅकेजचं नाव कंसात; आणि शेवटच्या स्पेसनंतर आवृत्तीचा नंबर. ही पहिली ओळ दुसऱ्या प्रोग्रॅमला सहज वाचता यावी, असा हेतूही तिथे नोंदवलेला आहे. आता हा नियम वरच्या ओळीला लावून पाहा. शेवटच्या स्पेसनंतर हातात काय येतं? ‘४.८.५-४४)’. शेपटाला बंद होणारा कंस लटकलेला.

बरं, मग लोक काय करतात, तर ऑकने तिसरा शब्द उचलतात. रेड हॅटच्या ओळीत तिसरा शब्द ४.८.५, काम झालं. तीच स्क्रिप्ट उबुंटू २०.०४ वर नेली की ओळ असते ‘जीसीसी (उबुंटू ९.४.०-१उबुंटू१~२०.०४.१) ९.४.०’, आणि तिसरा शब्द निघतो ‘९.४.०-१उबुंटू१~२०.०४.१)’. पुन्हा तोच लटकलेला कंस. म्हणजे एका पद्धतीने रेड हॅट फसतं, दुसऱ्या पद्धतीने उबुंटू. आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात या दोन ओळी दाखवते. गेल्या वर्षी एकाने विचारलं, “मॅम, पण हे कंस मुळात घातलेच कोणी?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर द्यायला अर्धा दिवस लागतो.

सुरुवात जीसीसीच्या आधीपासून करावी लागते. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली. सोर्स कोडच्या फायलीत कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी ही पहिली धड प्रणाली. पुढे ती युनिक्सवर आली आणि तिथे एक चमत्कारिक गोष्ट रूढ झाली. फाईलमध्ये एक स्ट्रिंग ठेवायची आणि तिच्या सुरुवातीला चार खुणा: @(#). ॲटची खूण, कंस उघडा, हॅश, कंस बंद. त्यापुढे फाईलचं नाव आणि आवृत्ती. फाईल कंपाईल झाली तरी ही स्ट्रिंग बायनरीच्या पोटात तशीच राहायची. मग ‘व्हॉट’ नावाची कमांड त्या बायनरीवर चालवली, की ती या चार खुणा हुडकून काढून पुढचा मजकूर छापायची. या चार खुणा या क्रमाने चुकूनही दुसरीकडे कुठे येणार नाहीत, एवढ्यावर सगळी भिस्त.

बर्कलीच्या युनिक्सच्या जुन्या सोर्समध्ये जवळपास प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ही ओळ दिसते. आणि तिच्याभोवती एक कुंपण असतं: ‘लिंट’ चालू असेल तर ही ओळ वगळा. कारण लिंट हा कोडमधल्या चुका काढणारा प्रोग्रॅम. कुठेही न वापरलेली ही स्ट्रिंग बघून तो प्रत्येक फाईलसाठी बोंब मारणार. आवृत्ती छापण्याची सोय आणि ती सोय खपवून घ्यायला केलेली दुसरी सोय, ही जोडी तेव्हापासूनची आहे. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस लिहिली. तिने त्या चार खुणांच्या जागी डॉलरची दोन चिन्हं आणली आणि ‘व्हॉट’च्या जागी ‘आयडेंट’. कल्पना तीच.

जीसीसीचा पहिला बीटा रिचर्ड स्टॉलमन यांनी २२ मार्च १९८७ ला बाहेर काढला. त्या काळच्या सोर्समध्ये ‘व्हर्जन’ नावाची एक चिमुकली सी फाईल आहे. तिच्यात एक स्ट्रिंग, स्ट्रिंगमध्ये नंबर, बस्स. कंस नाही, तारीख नाही, कंपनीचं नाव नाही. एकच माणूस नंबर ठरवतोय म्हटल्यावर वाद कशाला होईल?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नंबर अडखळायला लागला. नोव्हेंबर १९९५ मध्ये २.७.२ आली. मग २.७.२.१. मग २.७.२.२. ऑगस्ट १९९७ मध्ये २.७.२.३. हा चौथा आकडा बघितला की मला जे समजायचं ते समजतं: पुढची मोठी आवृत्ती कोणाच्या तरी हातात अडकून पडली आहे आणि बाकीचे ठिगळं लावत बसलेत. जीसीसीत नेमकं तेच चाललं होतं. नव्या प्रोसेसरसाठी, सी++ साठी, फोरट्रानसाठी लोकांनी भरपूर काम केलं होतं, पण ते मुख्य झाडात शिरेना. ऑगस्ट १९९७ मध्ये सिग्नस कंपनीची माणसं आणि इतर बरेच जण मिळून वेगळं बिऱ्हाड मांडून मोकळे झाले. त्याचं नाव ईजीसीएस.

आता खरी गंमत सुरू होते. वेगळं झाल्यावर नंबर कुठला द्यायचा? नवा प्रकल्प म्हणून १.० म्हणावं, तर जगातल्या हजारो हेडर फायली कंपायलरला आतून विचारतात की तुझा मुख्य आकडा काय आणि दुय्यम काय, आणि त्यावरून सोयी चालू-बंद करतात. तिथे १ सांगितलं तर सगळे समजणार की हा अगदी जुनाट जीसीसी आहे. त्यामुळे बाहेरच्या पाटीवर ईजीसीएस १.१.२ आणि आतल्या मॅक्रोंमध्ये २.९१. दोन्ही एकाच ओळीत बसवलं तर ‘-व्ही’ दिल्यावर ही ओळ दिसायची:

जीसीसी व्हर्जन ईजीसीएस-२.९१.६६ १९९९०३१४/लिनक्स (ईजीसीएस-१.१.२ रिलीज)

रेड हॅट लिनक्स ६ वर काम केलेल्या माणसाला ही ओळ पाठ असते. मी शिकत होते तेव्हा संगणक मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, त्यांतून हीच आमच्या घरी आली. ‘व्हर्जन’ या शब्दानंतर आकडा येईल असं धरून चालणाऱ्या स्क्रिप्टला इथे अक्षरं भेटायची. तारखेला चिकटून तिरकी रेघ आणि लिनक्स. कंसात दुसराच नंबर. एवढं सगळं एका ओळीत कोंबायचं कारण काय, तर कुणाला एक नंबर हवा होता, कुणाला दुसरा, आणि सगळ्यांची नजर जाते अशी जागा ही एकच.

एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ईजीसीएसवाल्यांनाच जीसीसीचे अधिकृत पालक नेमलं. भांडण मिटलं, आणि ३१ जुलै १९९९ ला २.९५ आली. मधले नंबर ईजीसीएसने वापरून टाकले होते म्हणून २.८ वरून थेट २.९५ वर उडी. त्यानंतरच्या २.९५.२ च्या ओळीत तारखेनंतर कंसात ‘रिलीज’ असा शब्द यायचा. म्हणजे पक्की आवृत्तीसुद्धा आपण पक्की आहोत हे तोंडाने सांगायची. वर्षभरात कळलं की ते सांगणं काही उगाच नव्हतं.

सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७ आलं. त्यात जीसीसीचा नंबर होता २.९६. ओळ अशी: ‘२.९६ २००००७३१ (रेड हॅट लिनक्स ७.०)’. भानगड अशी, की जीसीसीने २.९६ नावाची आवृत्ती कधीच काढली नव्हती. विकासाच्या झाडावर तेव्हा तो नंबर लिहिलेला होता एवढंच. २.९५ आता पुरत नाही आणि ३.० ला तर वेळ आहे, असं बघून रेड हॅटने ३१ जुलैच्या सुमाराचा चालू सोर्स उचलला, त्यावर स्वतःच्या दुरुस्त्या चढवल्या आणि लाखो लोकांच्या हातात दिला. ६ ऑक्टोबर २००० ला जीसीसीच्या सुकाणू समितीला निवेदन काढावं लागलं, की २.९६ ही आमची अधिकृत आवृत्ती नाही. तिच्यातून निघालेल्या सी++ च्या ऑब्जेक्ट फायली ना २.९५ शी जुळतील ना येणाऱ्या ३.० शी. गोंधळ नको म्हणून त्यांनी आपल्या झाडावरचा नंबरच बदलून २.९७ केला.

गोंधळ व्हायचा तो झालाच. लिनक्सचं कर्नल या कंपायलरने बांधायची हिंमत रेड हॅटलाही नव्हती. सात नंबरसोबत त्यांनी ‘केजीसीसी’ नावाने जुना ईजीसीएस शेजारी ठेवला होता. एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरच्या लोकांनी तर २.९६ शी उघड वैर धरलं. त्यांची कॉन्फिगर स्क्रिप्ट २.९६ दिसला की बिल्ड करायलाच नकार द्यायची, आणि ही तपासणी बंद करायची तर तसा खास पर्याय स्वतःच्या हाताने टाईप करावा लागायचा. पुढे रेड हॅटने २.९६ मध्ये खूप सुधारणा केल्या. पण एमप्लेअरची स्क्रिप्ट नंबर बघत होती, सुधारणा नव्हे. ७.१ च्या काळात ओळीच्या शेवटी पॅकेजचा क्रमांकही आला, २.९६-८१ वगैरे. नंबर तोच, तारीख तीच २००००७३१, आतला माल मात्र दर काही आठवड्यांनी वेगळा. हे सगळं कोणाला सांगायचं असेल तर जागा एकच उरली होती: शेवटचा कंस.

रेड हॅटने केलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकांना ज्यांनी माल पुरवलाय त्यांना हा पेच कळतो. वरचे लोक ‘तयार झालं की काढू’ म्हणतात, गिऱ्हाईक तारीख मागतं. पण नंबर उचलायला नको होता. माल तुमचा, तर नंबरही तुमचा असावा.

नंतरच्या वर्षांत जीसीसीने यातून धडा घेतला आणि ती चिमुकली व्हर्जन फाईल वाढत गेली. तिच्यात एक टीप आली: अधिकृत आवृत्तीत ही शेपटी रिकामी असते, तुम्ही बदल करून कंपायलर वाटणार असाल तर कृपा करून इथे आपल्या संस्थेचं नाव कंसात घाला. २.९६ नंतर ही विनंती लिहिणाऱ्यांच्या मनात काय असेल, ते वेगळं सांगायला नको. ४.३ पासून तर त्यासाठी सोर्सला हात लावायचीही गरज उरली नाही. कॉन्फिगर करताना ‘--विथ-पीकेजीव्हर्जन’ दिलं की नाव कंसात जाऊन बसतं. ‘--विथ-बगयूआरएल’ हा त्याचा जोडीदार, म्हणजे तुमच्या बदलांच्या तक्रारी मूळ लोकांच्या गळ्यात न पडता तुमच्याकडे याव्यात.

याच सुमारास नंबर सी फाईलमधून बाहेर पडला आणि तीन साध्या मजकूर फायलींत विभागला गेला. ‘बेस-व्हर’मध्ये फक्त आकडे. ‘डेव्ह-फेज’मध्ये ‘एक्सपेरिमेंटल’ किंवा ‘प्रीरिलीज’, आणि पक्की आवृत्ती असेल तर काहीच नाही, फाईल रिकामी. तिसरी ‘डेटस्टॅम्प’, तिच्यात आठ आकड्यांची तारीख. मेकफाईल या तिन्ही वाचून, मध्ये स्पेस आणि कंस घालून ओळ तयार करते. डेटस्टॅम्प तर रोज आपोआप बदलली जाते. त्या बदलाचं वर्णन कायम एकच, ‘डेली बम्प’. जीसीसीचा इतिहास चाळायला बसलात तर अशा हजारो नोंदी लागतात, दिवाळी-नाताळ काही न पाहता टाकलेल्या. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरच्या पोटात शिरायला शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या, त्या आमच्याकडच्या मंडळींच्या खूप उपयोगी पडल्या. तिथे लोक गिंपल आणि आरटीएल या कंपायलरच्या आतल्या भाषा शिकायला जायचे, आणि ते बरोबरच आहे. या तीन फायली मात्र रिलीजच्या आदल्या रात्री आपापल्याच शिकायच्या.

त्यातली ‘डेव्ह-फेज’ फसवी होती. ४.९.० बाहेर पडली की त्याच शाखेवर दुसऱ्या दिवसापासून नंबर व्हायचा ४.९.१, आणि पुढे तारीख व कंसात ‘प्रीरिलीज’. खरी ४.९.१ अजून दोन-तीन महिने लांब. ‘-डंपव्हर्जन’ने विचारलं तर फक्त आकडे मिळतात, कंसातला शब्द मिळत नाही. म्हणजे अर्धवट ४.९.१ आणि पक्की ४.९.१ दोघी तिथे सारख्याच दिसणार. या कारणाने हरवलेले आठवडे माझ्या कामात बरेच आहेत.

२०१४ मध्ये ४.९ च्या पुढे काय, हा प्रश्न आला. काही महिने विकासाच्या झाडावर ४.१०.० असा नंबर होतासुद्धा. मग ठरलं की पुढची आवृत्ती ५, आणि यापुढे दर वर्षी मोठा आकडा वाढेल. सोबत कंसातल्या शब्दाचं काम आकड्यांवर सोपवलं: ५.०.० म्हणजे प्रयोग चालू, ५.०.१ म्हणजे रिलीजच्या आधीची, ५.१.० ही पहिली पक्की आवृत्ती, ती २२ एप्रिल २०१५ ला आली. त्यानंतरची शाखा ५.१.१. तिसरा आकडा शून्य असेल आणि दुसरा शून्य नसेल, तर ती पक्की. एवढंच लक्षात ठेवायचं. आणि मेकफाईलमध्ये तशी अट: तिसरा आकडा शून्य नसेल तर ओळीत तारीख घाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती. नवं चिन्ह न आणता, कोणाची स्क्रिप्ट न मोडता, शब्दाची माहिती आकड्यात गेली. अर्थात ‘५.० कधी येणार’ असं विचारणारे मॅनेजर त्या वर्षी भेटले, आणि ‘येणार नाही, ५.१ येणार’ हे त्यांना पटवणं वेगळं काम होऊन बसलं.

४.१० टळलं ते बरंच झालं, कारण दोन आकडी नंबरांना आमच्या धंद्यात सगळे टरकून असतात. फ्रीबीएसडी १० जानेवारी २०१४ मध्ये आलं. जुन्या लिबटूलमध्ये ‘फ्रीबीएसडी१*’ असा साचा होता, पूर्वी कधीतरी फ्रीबीएसडीच्या पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेला. त्याने १० चा १ बघितला, ‘हे तर आद्य फ्रीबीएसडी’ असं ठरवलं आणि शेअर्ड लायब्ररी बांधणंच बंद केलं. पायथन ३.१० च्या वेळी तेच: आवृत्तीच्या स्ट्रिंगमधली पहिली तीन अक्षरं घेणारा कोड जगभर पसरला होता, त्याला ३.१० ही ३.१ वाटली. पर्लवाल्यांनी तर दशांश अपूर्णांकाचाच मार्ग धरला, ५.१० ला आतून ५.०१० म्हणतात, म्हणजे ती ५.९ पेक्षा लहान ठरत नाही. लिनक्स कर्नलमध्ये तिसऱ्या आकड्याला आठच बिट दिलेले, म्हणजे २५५ च्या पुढे सोय नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या दोन्ही जुन्या शाखा २५६ वर पोचल्या. कर्नलवाल्यांनी शेवटी आवृत्तीच्या मॅक्रोत तिसरा आकडा २५५ लाच थोपवला. पुढे कितीही दुरुस्त्या येवोत, आत २५५.

मायक्रोसॉफ्टकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. त्यांच्या कंपायलरचा आतला नंबर चार आकडी: व्हिज्युअल सी++ ६ साठी १२००, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ साठी १९००. बाहेरच्या नंबरात १२ नंतर १४ आला, १३ गाळला. गाळला तर गाळला.

आता क्लँग, जीसीसीचा प्रतिस्पर्धी कंपायलर. ही कथा मला सगळ्यांत जास्त आवडते. ॲपल आणि फ्रीबीएसडी या दोघांनी जीसीसी ४.२.१ पाशी मुक्काम ठोकला होता, कारण जुलै २००७ ची ही आवृत्ती जीपीएलच्या दुसऱ्या लायसनखाली आलेली शेवटची. तिसरं लायसन त्यांना नको होतं. त्यांनी क्लँगला हात घातला तेव्हा जगातल्या हेडर फायली जीसीसीला ओळखत होत्या, क्लँगला नाही. म्हणून क्लँगने आतल्या मॅक्रोंमध्ये सांगायला सुरुवात केली: मी जीसीसी ४.२.१. ज्याची जागा घ्यायची त्याचाच आकडा. त्यामुळे मॅकवर पायथन उघडलं की कित्येक वर्षं पहिल्या दोन ओळींत ‘जीसीसी ४.२.१ कम्पॅटिबल ॲपल एलएलव्हीएम ५.०’ अशा तऱ्हेचं काहीतरी दिसायचं, कारण पायथन कंपायलरच्या नावाच्या स्ट्रिंगपुढे मुकाट्याने ‘जीसीसी’ जोडायचं. गिऱ्हाइकाची माणसं त्याचा स्क्रीनशॉट पाठवून विचारायची, तुमच्याकडे अजून २००७ चा कंपायलर आहे का? पुढे पायथनने क्लँगला वेगळं ओळखायला सुरुवात केली आणि क्लँगनेही त्या स्ट्रिंगमधून ४.२.१ काढलं. मॅक्रोंमध्ये मात्र ४, २ आणि १ अजून तसेच आहेत, निदान तुम्ही ‘-एफजीएनयूसी-व्हर्जन’ देऊन बदलेपर्यंत. नंबर वाढवावा तर कुठली तरी हेडर फाईल त्या नंबरच्या खऱ्या जीसीसीची एखादी खासियत मागणार, जी क्लँगकडे नसेल.

पायथनच्या त्याच ओळींत बिल्डची तारीख आणि वेळ असायची, सेकंदांसकट. ती सी भाषेच्या दोन मॅक्रोंमधून येते आणि १९८९ च्या मानकापासून तिचा साचा पक्का आहे: महिन्याची तीन अक्षरं, दिवस, वर्ष, दिवस एक आकडी असेल तर आधी एक जादा स्पेस. त्या जादा स्पेसमुळे दर महिन्याच्या पहिल्या नऊ तारखांना मोडणाऱ्या आणि दहा तारखेला आपोआप दुरुस्त होणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्यात. सोमवारी फुटलेलं बिल्ड गुरुवारी चालतं, आणि मधल्या काळात कोणी काही केलेलं नसतं.

२०१३ पासून डेबियनच्या काही लोकांनी वेगळाच आग्रह धरला: एकच सोर्स कोणीही, कुठेही, कधीही बांधला तरी बायनरी बिट न बिट तीच निघाली पाहिजे, नाहीतर वाटेत कोणी काही घुसवलं का, हे कसं कळणार? आणि त्यांच्या आड पहिल्यांदा काय आलं, तर ही तारीख. तुम्ही पाच मिनिटांनी बांधलंत की बायनरी वेगळी. मग ‘सोर्स-डेट-इपॉक’ नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरलं: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात ठेवायचे आणि प्रत्येक साधनाने खऱ्या घड्याळाऐवजी ते वापरायचं. जीसीसी ७ पासून त्या दोन मॅक्रोंनाही ते कळतं. आमच्याकडे हल्ली बिल्डची तारीख म्हणजे शेवटच्या कमिटची तारीख. रात्री दीडपर्यंत जागून काढलेला बिल्ड ‘दुपारी चार’ म्हणतो. हिशेबासाठी बरं आहे.

जीसीसी ७ मध्ये ‘-डंपव्हर्जन’लाही कात्री लागली. कंपायलर बांधताना तसा पर्याय दिला असेल तर ते फक्त ‘७’ म्हणतं. पूर्ण नंबर हवा तर ‘-डंपफुलव्हर्जन’. पण तो पर्याय जुन्या जीसीसीला कळत नाही. त्यामुळे शहाण्या मेकफाईलमध्ये आता दोन्ही एकापाठोपाठ दिलेले दिसतात.

आणि कंस? तो फुगत गेला. एआरएमने काढलेल्या एम्बेडेड कंपायलरच्या २०१७ च्या एका आवृत्तीची ओळ पाहा: ‘एआरएम-नन-ईएबीआय-जीसीसी (जीएनयू टूल्स फॉर एआरएम एम्बेडेड प्रोसेसर्स ६-२०१७-क्यू२-अपडेट) ६.३.१ २०१७०६२० (रिलीज) [एआरएम/एम्बेडेड-६-ब्रांच रिव्हिजन २४९४३७]’. दोन गोल कंस, एक चौकोनी, तिमाही, तारीख, शाखा, रिव्हिजन. तिसरा शब्द उचलणाऱ्या स्क्रिप्टला इथे ‘टूल्स’ मिळतं. आमच्या मार्केटिंगलाही मध्यंतरी कंसात कंपनीचं पूर्ण नाव हवं होतं, तीन शब्दांचं. त्या दोन स्पेसपायी गिऱ्हाइकांची किती बिल्ड आडवी होतील, हे सांगून शेवटी मधल्या स्पेसच्या जागी हायफनवर तडजोड झाली.

या ओळीची एक प्रत गपचूप बायनरीतही जाते, एससीसीएसच्या त्या जुन्या स्ट्रिंगसारखीच, फक्त आता चार खुणांशिवाय. जीसीसी प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलमध्ये ‘कॉमेंट’ नावाच्या सेक्शनमध्ये आपलं नाव, कंस आणि नंबर टाकतो. लिंकर सारख्या स्ट्रिंग एकत्र करतो, वेगळ्या असतील तर सगळ्या ठेवतो. ‘रीडएल्फ -पी .कॉमेंट’ दिलं की यादी समोर. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती की आमच्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी त्यांच्या बोर्डावर कोसळते. त्यांनीच पाठवलेल्या फाईलवर मी ही कमांड चालवली. दोन ओळी निघाल्या: एक आमची, दुसरी उबुंटूच्या जीसीसीची. कोणीतरी काही फायली आपल्या लॅपटॉपवर बांधून मध्ये सरकवल्या होत्या. ते दोन ओळींचं आउटपुट मी जसंच्या तसं मेलमध्ये चिकटवलं. आठ दिवस उत्तर नाही. मग नवी लायब्ररी आली, ती चालली, तक्रार मागे घेतली. मी सवयीने तिच्यावरही रीडएल्फ चालवलं. या वेळी त्यांनी बांधतानाच ‘कॉमेंट’ सेक्शन उडवून टाकला होता.